तहाची बोलणी आणि तांब्याचा पत्रा: गिलरेच्या चित्रांतले ब्रिटिश मुत्सद्दी

ताम्रपट

फ्रान्सशी युद्ध चालू असतानाच लंडनचं सरकार अधूनमधून पॅरिसला वकील, म्हणजे तहाची बोलणी करणारा दूत, धाडायचं, आणि वकील परतायच्या आत त्याचं अर्कचित्र दुकानाच्या खिडकीत लागलेलं असायचं. लंडनचा व्यंगचित्रकार जेम्स गिलरे (१७५६–१८१५) याची या विषयावरची चित्रं नेटवर सुटी सुटी फिरतात, बहुतेक वेळा 'नेपोलियनची टिंगल' एवढ्याच ओळखीवर. प्रत्यक्षात त्यांतला निम्म्याहून जास्त मार इंग्लंडच्याच मंत्र्यांवर आहे. म्हणून हा धागा.

माझं म्हणणं असं की ही चित्रं तारखेवाचून लागतच नाहीत. १७३५ च्या कायद्यानं कोरीव चित्राला स्वामित्वहक्क मिळाला, तो आधी १४ वर्षांचा होता आणि १७६७ नंतर २८ वर्षांचा झाला. पण अट अशी होती की मालकाचं नाव आणि प्रसिद्धीची तारीख, चित्र ज्या तांब्याच्या पत्र्यावरून छापतात त्या पत्र्यावरच कोरलेली हवी. त्यामुळे जवळजवळ प्रत्येक चित्राच्या तळाशी बारीक अक्षरांत दिवस, महिना, वर्ष, प्रकाशक आणि दुकानाचा पत्ता असतो. ती ओळ आधी वाचायची, त्या आठवड्यात बोलणी कुठवर आली होती ते बघायचं, आणि मग चित्राकडे वळायचं.

उदाहरण घेऊ. 'प्रॉमिस्ड हॉरर्स ऑफ द फ्रेंच इन्व्हेजन', तारीख २० ऑक्टोबर १७९६. उपशीर्षकाचा भावार्थ, राजहत्याऱ्यांशी तह करण्याची सज्जड कारणं. राजहत्यारे म्हणजे आपल्या राजाचा शिरच्छेद केलेले फ्रेंच क्रांतिकारक; 'राजहत्याऱ्यांशी तह' हे शब्द क्रांतीचा कट्टर विरोधक लेखक एडमंड बर्क याचे, त्याची त्या विषयावरची पत्रं त्याच महिन्यात छापून आली होती. इंग्लंडचा वकील लॉर्ड माम्सबरी पॅरिसला पोचला २२ ऑक्टोबरला. म्हणजे वकील वाटेत असताना हे चित्र विकायला आलं.

चित्रात फ्रेंच फौज लंडनच्या सेंट जेम्स स्ट्रीटवरून वर येते आहे आणि रस्त्याच्या टोकाला राजवाडा पेटला आहे. मधोमध स्वातंत्र्याच्या खांबाला पंतप्रधान पिट उघड्या पाठीनं बांधलेला, आणि त्याला फटके मारतो आहे विरोधी पक्षाचा फॉक्स. डाव्या हाताला पिटच्या मंडळींचा व्हाइट्स क्लब, तिथे लुटालूट आणि कत्तल. उजवीकडे फॉक्सच्या मंडळींचा ब्रुक्स क्लब, त्याच्या सज्जात गिलोटिन. बर्कला एक बैल शिंगांवर घेऊन उडवतो आहे, आणि बैलाचं तोंड फॉक्सच्या बाजूचा उमराव ड्यूक ऑफ बेडफर्ड याचं आहे.

वरवर पाहता मार फॉक्सवर आहे: तह मागणाऱ्यांना हेच हवंय, असं. पण वकील धाडला होता पिटनं. खांबाला बांधलेलाही पिटच. आठवडाभरात, २८ ऑक्टोबरला, गिलरेनं माम्सबरीच्या पॅरिस-प्रवेशाचं दुसरं चित्र काढलं. त्यात पॅरिसची गर्दी आणि बाजारातल्या बायका वकिलाच्या अंगचटीला आल्या आहेत, आणि सगळा मानमरातब धुळीला मिळाला आहे. बोलणी फिसकटली ती बेल्जियमवरून. फ्रेंच ते सोडायला तयार नव्हते. १९ डिसेंबरला माम्सबरीला ४८ तासांत निघून जायचा हुकूम मिळाला.

मोडीवाचक

तारखेच्या मुद्द्याला पूर्ण सहमत. पत्त्याचाही तितकाच उपयोग होतो. गिलरेची प्रकाशक हॅना हम्फ्री. तिचं दुकान १७९४ च्या सुमारास ओल्ड बाँड स्ट्रीटवरून ३७ न्यू बाँड स्ट्रीटला गेलं आणि १७९७ मध्ये २७ सेंट जेम्स स्ट्रीटला. गिलरे तिच्याच दुकानाच्या वर राहायचा. तारीख कातरली गेली असली तरी पत्त्यावरून काळ बांधता येतो.

इंग्लंड आणि फ्रान्समधल्या १८०२ च्या आमियाँच्या तहावरची मालिका इथे जोडतो, कारण सगळ्यांत सलग पुरावा तिथेच मिळतो.

१ ऑक्टोबर १८०१: परराष्ट्रमंत्री हॉक्सबरी आणि फ्रेंच प्रतिनिधी ऑटो यांनी लंडनमध्ये तहाच्या प्राथमिक कलमांवर सह्या केल्या. मार्चपासून पंतप्रधान ॲडिंग्टन होता, पिट पायउतार झाला होता.

६ ऑक्टोबर: पाचच दिवसांत 'प्रिलिमिनरीज ऑफ पीस'. इंग्लिश खाडीवर टाकलेल्या तडकलेल्या फळीवरून हॉक्सबरी जॉन बुलला, म्हणजे सामान्य इंग्रजाच्या प्रतीकाला, फ्रान्सकडे नेतो आहे. शीर्षकात 'पॅरिसवर चाल' असे शब्द आहेत आणि खरी नांगी त्यांत आहे. हाच हॉक्सबरी १७९४ मध्ये, साधा जेंकिन्सन असताना, संसदेत म्हणाला होता की पॅरिसवर चालून जाणं शक्य आहे. सात वर्षांनी तो पॅरिसला निघाला, पण तहाचा कागद घेऊन.

९ नोव्हेंबर: 'पोलिटिकल ड्रीमिंग्ज'. तहाचा कट्टर विरोधक विंडहॅम बिछान्यात झोपला आहे आणि त्याला भयानक स्वप्नं पडताहेत. बिछान्यावर बसून हॉक्सबरी ब्रिटनच्या मृत्युदंडाच्या हुकमावर सही करतोय, आणि त्याचा हात धरून लेखणी फिरवणारा आहे पिट. नेपोलियन ब्रिटानियाला, म्हणजे ब्रिटनच्या स्त्रीरूप प्रतीकाला, गिलोटिनकडे ओढतो आहे. मृत्युदंडाच्या सहीची उपमा विंडहॅमनं स्वतःच संसदेत वापरली होती. गिलरेनं ती शब्दशः घेतली.

२५ मार्च १८०२ ला आमियाँला पक्का तह झाला. इंग्लंडतर्फे कॉर्नवॉलिस, फ्रान्सतर्फे जोसेफ बोनापार्ट. जिंकलेल्यापैकी इंग्लंडकडे राहिलं सिलोन आणि त्रिनिदाद, बाकी जवळजवळ सगळं परत. माल्टा तीन महिन्यांत रिकामं करून सेंट जॉनच्या सरदारांना द्यायचं होतं. ते दिलंच नाही, आणि १८ मे १८०३ ला पुन्हा युद्ध जाहीर झालं.

त्याच्या सोळा दिवस आधी, २ मे १८०३ ला, 'डॉक्टर सँग्राडो' आलं. सँग्राडो म्हणजे एका कादंबरीतला, प्रत्येक रोग्याचं रक्त काढणारा वैद्य. ॲडिंग्टन वैद्याचा मुलगा, म्हणून त्याचं टोपणनावच 'डॉक्टर'. तो जॉन बुलची शीर तोडून रक्त काढतो आहे, धारांवर मुलखांची नावं लिहिली आहेत, आणि खाली टोपी धरून नेपोलियन उभा आहे. तहाच्या कलमांची यादी याहून कमी जागेत कुणी मांडली असेल असं मला वाटत नाही.

अनुस्वार

वाचतोय, उत्तम चाललंय. दोन प्रश्न. पहिला, गर्दीच्या चित्रात कोण कोण आहे हे कसं ओळखायचं? चित्रात नावं तर दिसत नाहीत. दुसरा, ऑनलाइन लिलावांत 'अस्सल गिलरे' म्हणून जे विकलं जातं ते त्या काळातलं आहे की नंतर छापलेलं, हे घेणाऱ्यानं कसं तपासायचं?

सरळरेघ

पहिल्याचं उत्तर देतो.

पिट: काठीसारखा उंच, बारीक, नाक टोकदार आणि वर वळलेलं. दारू दाखवायची असेल तेव्हा ते लाल. फॉक्स: पोट सुटलेलं, दाट काळ्या भुवया, गालांवर दाढीची निळसर छटा. हा माणूस पाठमोराही ओळखू येतो. फॉक्सचा साथीदार शेरिडन: सुजलेलं लाल नाक. बर्क: गोल चष्मा, लांब टोकदार नाक, पुष्कळदा जेझुइट पाद्र्याचा वेश. पिटचा मंत्री डंडास स्कॉटिश म्हणून अंगावर चौकड्यांचं कापड. ॲडिंग्टनच्या खिशात किंवा हातात बस्तीची पिचकारी. ग्रेनव्हिल घराण्याचं बूड मुद्दाम भलंमोठं. आणि १८०३ पासून नेपोलियन बुटका, अंगापेक्षा टोपी आणि बूट मोठे.

चेहरा लागला नाही तर कपडे, वस्तू आणि शेजारी बघायचे. त्याहून सोपं म्हणजे तोंडातून निघणारे फुगे. त्यांत नावं येतात, पण मधली अक्षरं गाळून आडव्या रेघा मारलेल्या. विंडहॅमचं नाव असंच अर्धमुर्धं लिहिलेलं दिसेल. बदनामीचा दावा लावायचा तर फिर्यादीला आधी 'ती रेघ म्हणजे मीच' हे कोर्टात सिद्ध करावं लागे, आणि तो गळ्यात फास मंत्री सहसा घालून घेत नसत. जानेवारी १७९६ मध्ये गिलरेला एकदा पकडलं होतं खरं, पण ते धर्मनिंदेच्या आरोपावरून. युवराजाच्या नवजात मुलीचं चित्र त्यानं बायबलमधल्या प्रसंगाच्या धर्तीवर काढलं होतं.

उलट काहींना त्याच्या चित्रात जागा हवी असायची. पिटच्या गोटातला तरुण राजकारणी जॉर्ज कॅनिंग ओळखीतून गिलरेच्या मागे लागला होता की मलाही चित्रात घे. घेतलं, ते वर ताम्रपट यांनी सांगितलेल्या 'प्रॉमिस्ड हॉरर्स'मध्ये, रस्त्यावरच्या दिव्याच्या खांबाला फासावर लटकलेला. शेजारी लटकलेला हॉक्सबरी.

शाईपुसणी

त्याच चित्रात एक गोष्ट सहज सुटते. दक्षिणेकडे तोंड करून सेंट जेम्स स्ट्रीटवर उभं राहिलं की व्हाइट्स डावीकडे म्हणजे पूर्वेला, ब्रुक्स उजवीकडे, समोर राजवाडा. चित्रातही नेमकं तसंच आहे. छापताना पत्र्यावरचं चित्र डावं-उजवं उलटतं, म्हणजे पत्र्यावर सगळा रस्ता उलटा होता, व्हाइट्स उजवीकडे. शिवाय प्रत्येक अक्षर आरशातलं. गिलरे उमेदवारीत अक्षरं कोरणाऱ्याकडे शिकला होता, म्हणून त्याचा मजकूर पत्र्यावर उलटा असूनही छापल्यावर सरळ ओळीत आणि सफाईदार दिसतो. नकलाकारांच्या छपाईत पहिली ढेपाळतात ती अक्षरं.

ताम्रपट

शाईपुसणी, कृती सविस्तर लिहाल का? पाच दिवसांत चित्र बाजारात कसं येई, हे कृती कळल्याशिवाय पटत नाही.

शाईपुसणी

लिहितो. तेव्हाची पद्धत आणि आज स्टुडिओत करतो ती, दोन्ही एकत्र.

पत्रा तांब्याचा, आज १.५ मिमी जाडीचा घेतला तरी चालतो. चारही कडा कानशीनं ४५ अंशांवर उतरत्या घासायच्या, नाहीतर प्रेसमध्ये कागद आणि त्यावरचं जाड लोकरी कापड (फेल्ट) दोन्ही फाटतात. मग खडूची पूड आणि थोडा अमोनिया लावून पत्रा घासायचा. पाणी ओतल्यावर ते सलग पसरलं पाहिजे. थेंब थेंब होऊन आक्रसलं तर तेलकटपणा शिल्लक आहे, पुन्हा घासा. पुढे होणाऱ्या घोटाळ्यांचं मूळ निम्म्या वेळा इथेच असतं.

ग्राउंड, म्हणजे पत्र्याला आम्लापासून वाचवणारा थर: मेण २ भाग, बिट्युमेन २ भाग, राळ १ भाग. पत्रा गरम करून गोळी फिरवायची आणि चामड्याच्या बोंड्यानं पातळ, सारखा थर द्यायचा. पत्रा फार तापला तर ग्राउंड जळून ठिसूळ होतो आणि सुई चालवताना टवके उडतात. नंतर पत्रा उपडा धरून मेणबत्तीच्या जुडग्याच्या धुरावर काळा करायचा, म्हणजे सुईची रेघ तांबूस चमकते. वात पत्र्याला टेकवायची नाही, ज्योतीच्या वरच्या टोकावरच पत्रा हलता ठेवायचा.

चित्र उतरवायची जुनी युक्ती साधी आहे. पेन्सिलीचं रेखाटन ओलसर करून ग्राउंडवर पालथं ठेवायचं आणि प्रेसमधून काढायचं. शिसं ग्राउंडवर उलटं उतरतं, त्यामुळे छापल्यावर चित्र मूळ रेखाटनासारखंच सरळ येतं. वेळ सगळ्यात जास्त वाचतो तो इथे.

सुईनं फक्त ग्राउंड खरवडायचा, तांबं कोरायचं नाही. मग आम्ल. त्या काळी पत्र्याच्या कडेनं मेणाची भिंत घालून त्या थाळीत पाणी घातलेलं नायट्रिक आम्ल ओतत. रेघांवर बुडबुडे धरतात, ते पिसानं सतत हलवावे लागतात. नाही हलवले तर बुडबुड्याखाली आम्ल पोचत नाही आणि रेघ तुटक येते. आम्ल तीव्र असलं तर रेघ खोल जाण्याऐवजी आडवी खाते, जवळजवळच्या रेघा एकमेकींत मिसळतात आणि जाळीच्या छटेच्या जागी पांढुरका खड्डा पडतो.

गडद-फिकं येतं ते टप्प्यांनी. थोडा वेळ खाऊ द्यायचं, पत्रा धुवायचा, ज्या रेघा फिक्या हव्यात त्यांवर वॉर्निश लावून त्या झाकायच्या आणि पुन्हा आम्ल. मागचा धूसर राजवाडा पहिल्या टप्प्यात थांबवायचा, पुढचा फॉक्सचा कोट शेवटपर्यंत खाऊ द्यायचा. टर्पेंटाइननं ग्राउंड काढून एक छाप घ्यायची, आणि कमी पडेल तिथे ब्युरिननं (टोकदार कोरणीनं) थेट कोरायचं. गिलरे याच्या जोडीला ठिपके, रूलेट (दातेरी चाक), कधी अॅक्वाटिंटही (राळेच्या पुडीवरून आम्लानं दिलेली सलग छटा) वापरतो. नुसतं एचिंग, म्हणजे आम्लानं खाल्लेल्या रेघांचं काम, मानून त्याच्या छटा उलगडत नाहीत.

आज नायट्रिकऐवजी फेरिक क्लोराइड घ्या. बाजारातलं ४२ बॉमेचं (बॉमे हे घनतेचं माप) द्रावण निम्मं पाणी घालून वापरता येतं. वाफा कमी, रेघ स्वच्छ. अडचण एकच: गाळ रेघेत बसतो आणि खाणं थांबतं, म्हणून पत्रा उभा तरी ठेवायचा, नाहीतर पालथा तरंगता. बारीक रेघेला साधारण १० ते १५ मिनिटं, दाट काळ्याला तासभर. आधी त्याच तांब्याच्या तुकड्यावर पट्ट्या करून तपासा, द्रावण जुनं झालं की वेळा बदलतात. नायट्रिकच वापरणार असाल तर पाण्यात आम्ल घालायचं, आम्लात पाणी कधीही नाही. आणि खोली मोकळ्या हवेची हवी. वापरलेलं फेरिक सिंकमध्ये ओतू नका. धुण्याचा सोडा घालून फसफस थांबेपर्यंत उदासीन करा आणि खाली बसलेला तांब्याचा गाळ वेगळा काढून द्या.

छपाई: पत्रा किंचित कोमट करून शाई रेघांत दाबून भरायची, मग ताठ जाळीच्या कापडानं गोल गोल पुसायची, शेवटी तळहाताला खडू लावून एक हात. जास्त पुसलं तर रेघेतलीच शाई निघून चित्र करडं येतं. कमी पुसलं तर चेहरे मळकट. कागद कापसाचा, अर्धा-पाऊण तास भिजवून टिपलेला. वर चमक दिसली तर पाणी जास्त आहे, शाई धरणार नाही.

हे सगळं एका सरावलेल्या माणसाला दोन-तीन दिवसांत जमतं. पाच दिवस भरपूर झाले.

अनुस्वार

मनापासून आभार. आणि रंग?

शाईपुसणी

रंग छापलेला नसतो, प्रत्येक प्रतीवर हातानं भरलेला असतो. दुकानात एक रंगीत नमुना पुढ्यात ठेवून रंगवणारे भराभर पातळ जलरंग देत. साधी प्रत एक शिलिंगला आणि रंगीत दोन शिलिंगांना, असा मध्यम आकाराच्या चित्राचा सर्वसाधारण भाव, मोठ्या चित्राला जास्त. एकाच चित्राच्या दोन प्रतींत कोटाचे रंग वेगळे निघतात, त्यामुळे रंगावरून राजकीय अर्थ काढताना निदान तीन-चार प्रती ताडून बघाव्यात.

मोडीवाचक

अनुस्वार यांच्या दुसऱ्या प्रश्नाबद्दल.

पहिली पायरी: १० पट भिंग. यांत्रिक छपाईत सारख्या अंतरावरचे ठिपके दिसतात. खऱ्या एचिंगमध्ये रेघेची शाई कागदाच्या वर किंचित उठलेली असते.

दुसरी: पत्र्याच्या कडेचा दाबलेला चौकोन. तो नसला म्हणून लगेच खोटं समजू नका, जुन्या प्रतींचे समास चिकटवहीत लावताना कापून टाकत.

तिसरी: कागद उजेडासमोर धरा. १७९४ पासून निर्यातीवरच्या करसवलतीसाठी कागदात साल घालण्याचा कायदा होता, त्यामुळे 'व्हॉटमन' हे कागद करणाऱ्याचं नाव आणि साल असं पाणचिन्ह सापडू शकतं. पाणचिन्हाचं साल चित्राच्या तारखेनंतरचं असेल तर छपाई उशिराची. दोन-चार वर्षांचा फरक असला तरी ती हम्फ्रीच्याच दुकानातली असू शकते, कारण खपणारा पत्रा ती पुन्हा छापत असे.

चौथी, आणि सगळ्यात जास्त फसवणूक होते ती इथे: १८५० च्या सुमारास बोन नावाच्या प्रकाशकानं जुने पत्रे घेऊन पुन्हा छापले. त्या प्रती जाड कागदावर, पाठपोट दोन्ही बाजूंना वेगवेगळं चित्र, आणि वरच्या कोपऱ्यात क्रमांक. पत्रा अस्सल गिलरेचा, तारीखही तीच जुनी, पण छपाई त्याच्या मृत्यूनंतर साडेतीन दशकांनी. मागच्या बाजूचं छायाचित्र मागा. विक्रेता ते द्यायला टाळत असेल तर पैसे देऊ नका. अशा प्रतींवरचा रंग बहुधा नंतर कुणीतरी चढवलेला असतो.

सरळरेघ

एका मुद्द्यावर मतभेद नोंदवतो. गिलरे सगळ्यांना सारखं झोडपतो असा सूर वर लागला आहे. १७९७ च्या अखेरीपासून त्याला पिट सरकारकडून वर्षाला २०० पौंड मिळत होते, कॅनिंगच्या मध्यस्थीनं. हे बाजूला ठेवून त्याच्या चित्रांतला निःपक्षपातीपणा कसा मोजायचा?

ताम्रपट

बाजूला ठेवायचंच नाही. तारखा लावून बघू.

पेन्शन १७९७ च्या अखेरीपासून १८०१ च्या सुरुवातीला पिट जाईपर्यंत. माम्सबरीची पॅरिसची खेप १७९६ ची. त्याची दुसरी खेप फ्रान्समधल्या लील शहराला, जुलै ते सप्टेंबर १७९७, फ्रेंचांच्या १८ फ्रुक्तिदोरच्या (क्रांतीच्या पंचांगातली तारीख, ४ सप्टेंबर) उठावानंतर तीही मोडली. दोन्ही पेन्शनच्या आधीच्या. आमियाँ १८०१-०२, पेन्शननंतर. ॲडिंग्टन आणि हॉक्सबरीला त्यानं जो हात दाखवला तो बिनपगारी.

पेन्शन चालू असताना तहाचा एकच मोठा प्रसंग आला. २५ डिसेंबर १७९९ ला नेपोलियननं इंग्लंडचा राजा तिसरा जॉर्ज याला थेट पत्र लिहिलं आणि परराष्ट्रमंत्री ग्रेनव्हिलनं जानेवारीत ते धुडकावलं. गिलरेचं चित्र आलं २४ फेब्रुवारी १८०० ला. त्यात राजे म्हणजे पाण्यात तरंगणारी सोनेरी सफरचंदं, आणि त्यांच्यात मिसळू पाहणारा नेपोलियन म्हणजे घोड्याची लीद. तह नाकारणाऱ्या मंत्र्यांवर त्या चित्रात एक ओरखडा नाही.

तेव्हा तुमचा आक्षेप त्या तीन-सव्वातीन वर्षांपुरता मला मान्य आहे. त्याबाहेरच्या चित्रांना तो लावता येत नाही.

सरळरेघ

अशी मांडणी पटते. १८०० चं उदाहरण तर माझ्याच बाजूचं आहे.

या परंपरेचं मूळही नोंदवू या. सप्तवार्षिक युद्ध संपवणारा पॅरिसचा तह १० फेब्रुवारी १७६३ चा. तो करणारा लॉर्ड ब्यूट चित्राचित्रांत गुडघ्यापर्यंतचा बूट होऊन येतो आणि शेजारी राजमातेचा घागरा. निरक्षर माणसालाही समजेल अशी खूण. गिलरेच्या आधीच्या पिढीतला चित्रकार हॉगार्थ यानं मात्र सप्टेंबर १७६२ मध्ये तहाच्या बाजूनं चित्र काढलं आणि लोकांच्या शिव्या खाल्ल्या.

गिलरे त्यात उतरला १७८२ मध्ये. पंतप्रधान रॉकिंगहॅम वारल्यावर शेल्बर्न पंतप्रधान झाला आणि फॉक्सनं राजीनामा दिला. अमेरिकी स्वातंत्र्ययुद्ध मिटवायच्या पॅरिसच्या बोलण्यांवर कुणाचा ताबा, यावरून दोघांचं आधीच वाजलं होतं, दोघांचे वेगवेगळे वकील पॅरिसमध्ये होते. २२ जुलै १७८२ च्या चित्रात फॉक्स म्हणजे मिल्टनच्या महाकाव्यातला सैतान, खिसे उलटे करून जुगाराच्या टेबलावर उभा, आणि आकाशात सूर्य होऊन तळपणारा शेल्बर्न.

अनुस्वार

आपल्याकडच्या घडामोडींशी याचा काही धागा लागतो का? कॉर्नवॉलिसचं नाव वाचून विचारावंसं वाटलं.

मोडीवाचक

लागतो, पण ताणू नये. आमियाँला सही करणारा कॉर्नवॉलिस म्हणजे १७९२ चा श्रीरंगपट्टणचा तह करणाराच, त्या मोहिमेत मराठे त्याचे दोस्त होते. आमियाँच्या तहानं पाँडिचेरीसकट फ्रेंच ठाणी परत द्यायची ठरली. देकाँ नावाचा सेनानी ती ताब्यात घ्यायला मार्च १८०३ मध्ये ब्रेस्टहून निघाला, पण कंपनीचा गव्हर्नर जनरल वेलस्ली यानं ठाणं हाती लागू दिलं नाही. शिंद्यांच्या कवायती पलटणींत फ्रेंच अधिकारी होते, पेराँ त्यांचा मुख्य, आणि वेलस्लीनं फ्रेंचांचा बागुलबुवा मराठ्यांविरुद्ध पुरेपूर वापरला.

तारखाही पाहा. वसईचा तह ३१ डिसेंबर १८०२. दुसऱ्याच दिवशी, १ जानेवारी १८०३ ला, लंडनमध्ये गिलरेचं 'द फर्स्ट किस धिस टेन इयर्स' आलं. लठ्ठ ब्रिटानिया ढाल आणि त्रिशूळ भिंतीला टेकवून फ्रेंच अधिकाऱ्याकडून चुंबन घेते आहे आणि म्हणते की तू मला पुन्हा फसवणार हे मला ठाऊक आहे, तरी नाही म्हणवत नाही. मागे भिंतीवर तिसरा जॉर्ज आणि नेपोलियन यांच्या तसबिरी एकमेकींकडे डोळे वटारून. चित्रकाराला वसईची बातमी असणं शक्यच नव्हतं. पण युरोपातला हा तकलादू तह आणि इकडची इंग्रजांची घाई एकाच काळातली आहे, आणि २३ सप्टेंबर १८०३ ला असईची लढाई झाली तोवर आमियाँ मोडून चार महिने झाले होते.

ताम्रपट

सुंदर जोड दिलीत. आता 'प्लम-पुडिंग इन डेंजर', कारण त्याच्याबद्दल सगळ्यात जास्त गैरसमज आहे. तारीख २६ फेब्रुवारी १८०५, पत्रा सुमारे २६ बाय ३६ सेंमी.

हे युद्धाचं चित्र म्हणून दाखवतात. ते तहाच्या पत्राचं उत्तर आहे. २ जानेवारी १८०५ ला, सम्राट झाल्यावर, नेपोलियननं जॉर्जला पुन्हा पत्र लिहिलं. त्यात एक वाक्य होतं की आपल्या दोन राष्ट्रांना राहायला जग पुरेसं मोठं आहे. इंग्लंडनं दोस्तांशी, विशेषतः रशियाशी, बोलावं लागेल असं सांगून वेळ मारून नेली. गिलरेनं चित्राच्या वर शेक्सपिअरच्या शब्दांचा आधार घेऊन लिहिलं की अख्खा भूगोल या दोघांच्या भुकेला अपुरा आहे. पत्रातलं ते वाक्य ठाऊक असलं की चित्र एकदम लागतं.

आता ताटं बघा. टेबलावरचं पुडिंग म्हणजे पृथ्वीचा गोल. डावीकडे पिट, उजवीकडे खुर्चीतून अर्धवट उठलेला नेपोलियन. नेपोलियन तलवारीनं युरोपचा तुकडा घाईनं तोडतोय आणि त्याचा काटा हॅनोव्हरमध्ये रुतला आहे, म्हणजे जॉर्जच्या खासगी मुलखात. पिट मात्र शांतपणे, सुरीनं, अटलांटिक कापतो आहे, आणि त्याचा तुकडा दोघांत मोठा आहे. त्याच्या काट्याला तीन दाते आहेत, ब्रिटानियाच्या त्रिशुळासारखे. गिलरे पिटला निर्दोष ठेवत नाही, चांगल्या टेबल-शिष्टाचाराचा अधाशी म्हणून बसवतो.

सरळरेघ

१८०६ राहिलं. पिट जानेवारीत वारला, फॉक्स परराष्ट्रमंत्री झाला आणि बोलणी पुन्हा सुरू. ५ एप्रिल १८०६ च्या 'पॅसिफिक ओव्हर्चर्स'मध्ये सगळा तह एक नाटक आहे, रंगमंचावर ढगांतून आलेला नेपोलियन आणि त्याच्या अटी दुर्बिणीतून न्याहाळणारा राजा. ऑगस्टमध्ये लॉर्ड लॉडरडेल पॅरिसला गेला. १३ सप्टेंबरला फॉक्स वारला आणि बोलणीही विझली.

एक पुस्ती: ही चित्रं फक्त विकत घेणारेच पाहत असं समजू नका. पिकॅडिलीचा फोर्स नावाचा विक्रेता चित्रांच्या वह्या एका संध्याकाळपुरत्या भाड्यानं देत असे. आणि १७९८ पासून वायमारहून निघणाऱ्या 'लंडन उंड पारिस' या जर्मन नियतकालिकात गिलरेच्या चित्रांच्या छोट्या नकला लांबलचक स्पष्टीकरणासह छापल्या जात. तपशिलात अडलात तर ती स्पष्टीकरणं फार उपयोगी पडतात, कारण ती त्याच वर्षी लिहिलेली आहेत.

मोडीवाचक

मूळ चित्रं बघायला ब्रिटिश म्युझियमच्या संकेतस्थळावर नुसता क्रमांक टाकला तरी पुरतं. 'प्रॉमिस्ड हॉरर्स' ८८२६, 'पोलिटिकल ड्रीमिंग्ज' ९७३५, 'फर्स्ट किस' ९९६०, 'प्लम-पुडिंग' १०३७१. म्युझियमकडे एकाच चित्राच्या अनेक प्रती असतात, त्यामुळे रंगीत आणि साधी अशा दोन्ही उघडा आणि तळाची ओळ पूर्ण मोठी करून वाचा. फुग्यांतला मजकूर सूचीत अक्षरशः उतरवून दिलेला आहे. 'ड्रीमिंग्ज'साठी तो शेजारी ठेवाच, त्या चित्रात मजकूर इतका दाटला आहे की पडद्यावर नुसत्या डोळ्यांनी अर्धा निसटतो.